दोन वह्या: अप्पा बळवंत चौकातलं एक दुकान क्लाउडवर गेलं त्याची गोष्ट

८ जून २०२३, गुरुवार. दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी वीज जाते, हे पुण्यातल्या दुकानदाराला वेगळं सांगावं लागत नाही. अप्पा बळवंत चौकाजवळच्या या पुस्तकांच्या दुकानातही सगळे तयारीत होते. साडेदहाला वीज गेली, पोटमाळ्यावरचा यूपीएस ओरडायला लागला, आणि एरवी अर्धा तास तग धरणारा तो यूपीएस चार मिनिटांत गप्प झाला. खाली तीन काउंटरवर बिलं चालू होती. १५ जूनला शाळा उघडणार म्हणून दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, पावसाचा पत्ता नव्हता, आणि उकाड्यात पालक याद्या हातात घेऊन उभे होते.

दीड वाजता वीज आली. सर्व्हर मात्र सुरू झाला नाही.

मला अडीचला फोन आला. लहान व्यापाऱ्यांची संगणकव्यवस्था बघणं हे माझं पंधरा वर्षांचं काम. हे दुकान माझ्या ओळखीचं त्याच्याही आधीपासून, कारण माझी शाळेची पुस्तकं इथूनच यायची. मालकांना मी काका म्हणते आणि ते मला अगं-तूगंच करतात. त्यांच्या मुलाला सगळे दादा म्हणतात, आणि हिशेबाचं सगळं सूनबाई, म्हणजे आमच्या वहिनी, बघतात. दुकानाचं नाव लिहायचं नाही, या अटीवर त्यांनी हे प्रकरण मांडायला परवानगी दिली. क्लाउडविषयी खूप बोललं जातं, पण एका दुकानाला त्यातून काय मिळालं, किती पैसे गेले आणि कुठे चुकलं, हे कोणी अथपासून इतिपर्यंत सांगत नाही. म्हणून लिहिते आहे.

पोटमाळ्यावर काय सापडलं

दुकान तिसऱ्या पिढीत आहे. चौकाजवळ मुख्य दुकान, मागच्या बोळात एक लहान, आणि नऱ्ह्याला गोदाम. सातारा, नगर, सोलापूरकडचे दुकानदार इथून घाऊक माल नेतात. शिवाय चाळीसेक शाळांचे इयत्तावार संच इथे बांधले जातात: पाठ्यपुस्तकं, वह्या, कव्हरं, चित्रकलेचं साहित्य, सगळं एका पिशवीत. २०२० च्या टाळेबंदीनंतर पालकांना घरून संच मागवता यावेत म्हणून एक वेबसाइट केली गेली. ती वेबसाइट, तिन्ही काउंटरची बिलं, गोदामाचा साठा आणि उधारीची खाती हे सगळं पोटमाळ्यावरच्या एकाच सर्व्हरवर चालायचं.

सर्व्हर २०१६ चा. त्यात दोन हार्ड डिस्क होत्या; एकीवर जे लिहिलं जाईल ते आपोआप दुसरीवरही लिहिलं जाई. विकणाऱ्याने तेव्हा सांगितलं होतं, एक गेली तरी दुसरी आहे. मी बॅटरीच्या उजेडात बघितलं, तर पुढच्या बाजूचा, डिस्क बिघडल्याची खूण देणारा नारिंगी दिवा ज्या जागी असतो तिथे प्रयोगवह्यांचे गठ्ठे रचलेले होते. नंतर नोंदी वाचल्या तेव्हा कळलं की पहिली डिस्क फेब्रुवारीतच गेली होती. चार महिने तो दिवा वह्यांच्या गठ्ठ्यामागे लुकलुकत होता. उरलेल्या डिस्कवर बिलं लिहिली जात असतानाच वीज तुटली आणि डेटाबेसच्या, म्हणजे सगळ्या नोंदी जिथे साठतात त्या फायली अर्धवट राहिल्या.

मग बॅकअप. दर शनिवारी रात्री एक मुलगा बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत काढायचा. शेवटची प्रत २७ मेची. ३ जूनचा शनिवार गर्दीत राहून गेला होता. म्हणजे २८ मे ते ८ जून असे बारा दिवस गेले, आणि तेही वर्षातले सगळ्यात महत्त्वाचे बारा दिवस.

पुढच्या पाच रात्री दुकान बंद झाल्यावर सहा माणसं बसून बिलांच्या स्थळप्रती हाताने पुन्हा भरत होती. काउंटरची बिलं तरी कागदावर होती. वेबसाइटवरच्या ऑर्डरींचं काय करायचं? पैसे जमा झाल्याची नोंद आणि फोन नंबर बँकेकडून मिळाले, पण कोणत्या शाळेचा, कोणत्या इयत्तेचा संच हे कुठेच नव्हतं. दादांनी आणि दोन मुलींनी एकेका पालकाला फोन लावला. काहींनी समजून घेतलं. काहींनी सुनावलं, आणि त्यांचंही बरोबर होतं, मुलाची शाळा चार दिवसांवर आली होती.

पाचव्या रात्री चहा पिता पिता काकांनी पानशेतची आठवण काढली. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा ते आठ वर्षांचे होते. त्यांचं गोदाम तेव्हा नारायण पेठेत, नदीच्या बाजूला. मालाबरोबर खतावणीही चिखलात गेली; कोणाकडून किती येणं आहे हे वडिलांना लोकांच्या तोंडूनच ऐकावं लागलं. त्यानंतर वडिलांनी नियम केला: एक वही दुकानात, तिचीच नक्कल सदाशिव पेठेतल्या घरी, रोज संध्याकाळी उतरवायची. काका म्हणाले, "अगं, चाळीस-पन्नास वर्षं आम्ही दोन वह्या ठेवल्या. कॉम्प्युटर आला आणि एकच ठेवायला लागलो. कोणाच्या लक्षातच आलं नाही."

दोन डिस्क होत्या की, असं दादा म्हणाले. पण त्या एकाच पेटीत, एकाच विजेवर, एकाच पोटमाळ्यावर होत्या. त्या दोन वह्या नव्हत्या, एकाच वहीची दोन पानं होती.

"तो ढग आहे तरी कुठे?"

जून सरल्यावर आम्ही बसलो. दादांकडे नव्या सर्व्हरचं कोटेशन आलेलं होतं: यूपीएस आणि लायसन्ससकट ३ लाख ८० हजार. त्यांचा कल क्लाउडकडे होता. काकांचा पहिला प्रश्न अगदी मुळाचा होता: तो ढग आहे तरी कुठे?

जमिनीवर आहे. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत, दुसऱ्याच्या विजेवर चालणारे, दुसऱ्याने राखलेले सर्व्हर, जे आपण इंटरनेटवरून, लागतील तेवढे, लागतील तितका वेळ भाड्याने घेतो. ॲमेझॉनने मुंबईतलं आपलं केंद्र २०१६ मध्ये सुरू केलं, गूगलने २०१७ मध्ये. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात तीन ठिकाणी केंद्रं उघडली, त्यातलं 'मध्य भारत' या नावाने ओळखलं जाणारं केंद्र खुद्द पुण्यात आहे. हे ऐकून काकांच्या चेहऱ्यावर जो दिलासा दिसला तो मी विसरणार नाही. वस्तू कुठेतरी ठेवलेली आहे, तिला पत्ता आहे, हे कळल्यावर माणूस तिच्याविषयी नीट विचार करू लागतो. क्लाउड हा शब्द तो पत्ताच पुसून टाकतो, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथून सुरू होतो.

कल्पना जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्ये, म्हणजे पानशेत फुटलं त्याच वर्षी, एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठातल्या भाषणात म्हटलं होतं की टेलिफोनसारखी संगणकाचीही सार्वजनिक सेवा होऊ शकेल. ती सेवा आज ज्या रूपात दिसते त्या रूपात यायला २००६ उजाडलं. त्या मार्चमध्ये ॲमेझॉनने साठवणुकीची एस-थ्री ही सेवा सुरू केली आणि ऑगस्टमध्ये यंत्रं भाड्याने देणारी ईसी-टू. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने २०११ मध्ये क्लाउडची व्याख्या केली, ती अजून वापरली जाते. तिच्यात पाच खुणा आहेत: कोणाला न विचारता आपल्या हाताने घेता येणं, नेटवर्कवरून कुठूनही पोचता येणं, एकच साधनसाठा अनेकांनी वाटून घेणं, झटकन वाढणं-कमी होणं, आणि मीटरप्रमाणे मोजणी. या पाचांपैकी ज्याला दोनच लागू पडतात असं काहीतरी क्लाउड म्हणून विकलं जातं, तेव्हा विचारायला ही व्याख्या कामाला येते.

वाटून घेणं म्हणजे काय, हे दादांना नीट समजून घ्यायचं होतं. आपला डेटा आणि दुसऱ्या कोणाचा डेटा एकाच यंत्रावर? हो. मोठ्या सर्व्हरवर हायपरवायझर नावाचा एक प्रोग्राम बसवलेला असतो. तो एका यंत्राची अनेक आभासी यंत्रं करतो. प्रत्येकाला वाटतं की आपल्याला स्वतंत्र प्रोसेसर, स्वतंत्र मेमरी, स्वतंत्र डिस्क आहे. आयबीएमने हे १९६० च्या दशकात मोठ्या संगणकांवर केलं होतं. काका वाड्यात वाढलेले, त्यांनी लगेच पकडलं: "एक वाडा, बारा बिऱ्हाडं. प्रत्येकाचं कुलूप वेगळं." बरोबर. आणि वाड्यात एका बिऱ्हाडाने नळ सोडून ठेवला की दुसऱ्याचं पाणी बारीक व्हायचं, तसं इथेही होऊ शकतं. चांगला वाडामालक प्रत्येकाला ठरलेलं पाणी मिळेल अशी व्यवस्था करतो. यंत्राच्या भाड्यात स्वस्त आणि महाग असे प्रकार असतात त्यामागे हेही एक कारण आहे.

भाड्याने नक्की काय घ्यायचं, हा त्यापुढचा प्रश्न. मंगल कार्यालय ठरवताना नुसता हॉल घेता येतो, आचारी-भांडी आपली. हॉलबरोबर त्यांचाच आचारी घेता येतो, पदार्थ आपण ठरवायचे. किंवा ताटाचा भाव ठरवून आपण फक्त पाहुणे घेऊन जायचं. क्लाउडमध्ये नुसतं यंत्र घेतलं तर त्यावरची सगळी देखभाल आपली. तयार डेटाबेस घेतला तर त्याची दुरुस्ती, सुधारणा, बॅकअप त्यांच्याकडे, आतला हिशेब आपला. आणि वहिनी रोज वापरतात तो जीमेल म्हणजे ताटाचा भाव. दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर एका ओळखीच्या प्रोग्रामरने २०११ मध्ये खास लिहिलेलं होतं, संच बांधण्याचा सगळा व्यवहार त्यात बसवलेला, त्यामुळे ताटाचा भाव शक्य नव्हता. आम्ही मधला रस्ता घेतला: प्रोग्रामसाठी यंत्रं, डेटाबेस तयार.

आधी दुसरी वही

इथे मी एक गोष्ट अडून केली. सर्व्हर हलवायच्या आधी बॅकअप हलवायचा. जुन्या सर्व्हरला नव्या डिस्क घातल्या, आणि रोज रात्री अकराला डेटाबेसची कुलूपबंद प्रत मुंबईतल्या साठवणुकीत जाऊ लागली. पहिली प्रत जायला रात्रभर लागली. नंतर फक्त दिवसभरातला बदल जायचा, दहा मिनिटांत. मुंबईतून ती आपोआप हैदराबादच्या केंद्रात उतरते. महिन्याचा खर्च काही शे रुपये. ज्याला क्लाउडवर जायचंच नाही त्या व्यापाऱ्यानेही एवढं तरी करावं, असं मला मनापासून वाटतं.

हैदराबाद कशाला, मुंबईत आहेच की, असं दादांनी विचारलं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबूर इथल्या ओव्हीएचक्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांची दुसरी प्रत दुसरीकडे नव्हती अशा अनेक ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. ते सगळे क्लाउडवरच होते. क्लाउडवर ठेवलेली एकच वहीसुद्धा एकच वही असते. काकांनी मान हलवली आणि म्हणाले, "हैदराबाद म्हणजे आपली सदाशिव पेठ."

प्रत कुलूपबंद, म्हणजे किल्लीशिवाय कोणालाही वाचता न येणारी. ती किल्ली कागदावर छापून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आहे. ती हरवली तर दोन्ही शहरांतल्या प्रती असून नसल्यासारख्या.

एका बिलाला चारशे फेऱ्या

सप्टेंबरमध्ये बिलिंगचा डेटाबेस मुंबईला हलवला. पहिल्याच सकाळी काउंटरवरच्या ताईंची तक्रार आली: बिल निघायला फार वेळ लागतोय. मला नवल वाटलं, कारण पुणे-मुंबई अंतर काहीच नाही. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. दीडशे किलोमीटर जाऊन परत यायला दीड मिलिसेकंद पुरेत; मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. प्रत्यक्षात मधली उपकरणं आणि वळणं धरून आम्हाला आठ मिलिसेकंद लागत होते. तेही नगण्य.

मग बिल निघताना काय काय होतं ते मी ओळीने मोजलं. पन्नास नगांच्या एका संचासाठी तो जुना प्रोग्राम डेटाबेसला चारशेच्या वर प्रश्न विचारत होता: या वहीचा भाव काय, हिचा साठा किती, हिच्यावर सूट किती, पुढची वही. पोटमाळा ते काउंटर या अंतरावर एका फेरीला अर्धा मिलिसेकंदही लागत नसे, म्हणून बारा वर्षांत कोणाला ते जाणवलं नव्हतं. आता चारशे गुणिले आठ, म्हणजे सव्वातीन सेकंद. रांगेत वीस माणसं उभी असताना प्रत्येक बिलाला सव्वातीन सेकंद जास्त, हे काउंटरवरच्या माणसालाच कळतं.

प्रोग्रामरने तीन आठवडे बसून ते प्रश्न एकत्र बांधले. चारशे फेऱ्यांच्या सहा झाल्या. प्रोग्राम उचलून दुसरीकडे ठेवला की तो तसाच चालेल, हा समज इथे गळून पडतो. जवळच्या अंतरावर लपलेले दोष लांबच्या अंतरावर उघडे पडतात.

दुसरी अडचण पुण्याच्या रस्त्यांची. खोदाईत केबल तुटली की दुकानाचं इंटरनेट जातं. पोटमाळ्यावरचा सर्व्हर निदान इंटरनेटशिवाय चालायचा. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या, एक बाजीराव रस्त्याच्या बाजूने, दुसरी मागच्या बोळातून. त्याशिवाय प्रत्येक काउंटरच्या संगणकात वस्तूंची आणि भावांची यादी ठेवली. दोन्ही जोडण्या गेल्या तरी काउंटर आपल्या आपण बिल करतो आणि लाइन आली की मुंबईला पाठवतो. दोन काउंटरची बिलं एकाच क्रमांकाची होऊ नयेत म्हणून वहिनींनी प्रत्येक काउंटरला वेगळी क्रमांकमालिका दिली. जीएसटीच्या नियमांत एकाहून जास्त मालिका चालतात.

शाळेचा मेसेज सकाळी दहाला येतो

वेबसाइटचं दुखणं निराळं होतं. वर्षातले दहा महिने तिच्यावर दिवसाला मूठभर पालक येतात. जूनमध्ये एखादी मोठी शाळा सकाळी दहाला सगळ्या पालकांना मेसेज पाठवते, आणि दहा वाजून दोन मिनिटांनी हजारभर माणसं एकदम संच मागायला येतात. पूर्वी यात वेबसाइट तर बसायचीच, एकच सर्व्हर असल्यामुळे खालच्या काउंटरची बिलंही अडायची.

यासाठी क्लाउडसारखी दुसरी सोय नाही. यंत्रांवर सरासरी भार साठ टक्क्यांच्या वर गेला की आणखी एक यंत्र आपोआप सुरू करायचं आणि उतरला की बंद करायचं, असा नियम लावता येतो. पैसे तेवढ्याच वेळाचे. पण मे २०२४ च्या चाचणीत दोन गोष्टी दिसल्या. नवं यंत्र उठून कामाला लागायला दोन-तीन मिनिटं घेतं, आणि आमची गर्दी दोन मिनिटांतच येते. यंत्र येईपर्यंत पालक वैतागून गेलेले असतात. दुसरं म्हणजे, वेबसाइटची यंत्रं दोनाची सहा केली तेव्हा सहाही यंत्रं एकाच डेटाबेसवर तुटून पडली आणि तोच गुदमरला. दार रुंद केलं, पण आत काउंटर एकच होता.

डेटाबेससाठी उपाय सरळ होता. शाळेचा संच दिवसभरात बदलत नाही. तो दर वेळी डेटाबेसमधून कशाला वाचायचा? प्रत्येक इयत्तेचं पान तयार करून ठेवलं. डेटाबेसला आता फक्त ऑर्डर आणि पैसे यांच्यापुरता त्रास.

वेळेसाठीचा उपाय काकांनी काढला. ते म्हणाले, "मेसेज कधी जाणार हे शाळेला माहीत असतं ना? मग विचारून घे." दादांनी प्रत्येक शाळेच्या कार्यालयात फोन केला. वेळा कळल्यावर मेसेजच्या पंधरा मिनिटं आधी यंत्रं सुरू करायचं वेळापत्रक लावलं. आणि काकांनी आणखी एक केलं: ज्या तीन मोठ्या शाळा एकाच दिवशी दहाला पाठवणार होत्या, त्यांच्यातल्या दोघींना विनंती करून एकीला दुपारी दोन आणि एकीला दुसऱ्या दिवशीची वेळ घ्यायला लावली. आठ यंत्रं लागतील असा माझा अंदाज होता, चार पुरली. हे मला पुस्तकात सापडलं नसतं.

बिल

खर्चाविषयी स्पष्ट लिहायला हवं, कारण क्लाउड स्वस्त असतो असं सर्रास सांगितलं जातं. या दुकानाला महिन्याला सरासरी चौदा हजार पडतात, जूनमध्ये जास्त. पाच वर्षांचे साडेआठ लाखांच्या आसपास होतात. नवा सर्व्हर ३ लाख ८० हजारांचा होता. वीज, बॅटऱ्या, दुरुस्ती धरूनही तो स्वस्तच पडला असता. वहिनींनी त्यात आणखी एक मुद्दा दाखवला, जो माझ्या लक्षात आला नव्हता. क्लाउडच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. बहुतेक धंद्यांना तो कर वजावट म्हणून परत मिळतो. पण छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, आणि करमुक्त विक्रीच्या प्रमाणात वजावट सोडावी लागते. म्हणजे पुस्तकविक्रेत्याला त्यातला मोठा भाग खिशातूनच जातो. दादांनी तरीही क्लाउड निवडला तो जूनमधल्या त्या बारा दिवसांकडे बघून, आणि हा निर्णय मला योग्य वाटतो. ज्याच्याकडे वेबसाइट नाही आणि गर्दीचा हंगाम नाही, त्याने दुकानात सर्व्हर आणि क्लाउडवर बॅकअप एवढंच ठेवावं.

ऑक्टोबरचं बिल एकेचाळीस हजार आलं. चाचणीसाठी सुरू केलेलं एक मोठं यंत्र बंद करायचं राहिलं होतं आणि ते महिनाभर कोणाच्याही उपयोगाविना चालू होतं. मीटर चालू असला की पैसे लागतात, वापरा वा न वापरा. ते काम माझ्या देखरेखीखाली झालं होतं, ती चूक माझी, आणि त्या महिन्याची फी मी घेतली नाही. त्यानंतर दिवसाचा खर्च ठरलेल्या रकमेवर गेला की वहिनींच्या फोनवर सूचना येते.

त्याहून गंभीर चूक जानेवारीत सापडली. शाळा संचासाठी मुलांच्या याद्या पाठवतात: नाव, इयत्ता, पालकांचा फोन. त्या फायली ज्या साठवणुकीत ठेवल्या होत्या तिची परवानगी तपासताना मी घरून, पासवर्ड न घालता, नुसती लिंक उघडून बघितली. यादी समोर आली. माझ्या पोटात खड्डा पडला. तासाभरात ते बंद केलं. नोंदी तपासल्या, बाहेरच्या कोणी त्या फायली उघडल्याचं दिसलं नाही. क्लाउड कंपनी इमारत, वीज, डिस्क आणि हायपरवायझर सांभाळते. कोणत्या कपाटाला कुलूप लावायचं आणि किल्ली कोणाला द्यायची, हे ठरवणं भाडेकरूकडेच राहतं. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत केला आहे आणि त्यात मुलांच्या माहितीला पालकांची पडताळलेली संमती लागते. आता दुकान मुलांची नावं घेतच नाही. संचाला क्रमांक पुरतो.

करारात बघण्यासारखी आणखी एक ओळ असते, उपलब्धतेच्या टक्क्याची. महिन्याला ९९.९ टक्के म्हणजे त्रेचाळीस मिनिटं सेवा बंद राहिली तरी कराराचा भंग नाही. आणि भंग झालाच तर साधारणपणे त्या सेवेच्या भाड्यातून सूट मिळते, बुडालेली विक्री मिळत नाही. म्हणून मे ते जुलै एवढे तीन महिने आम्ही डेटाबेसची जोडप्रत मुंबईतल्याच दुसऱ्या, वेगळ्या विजेवरच्या विभागात चालू ठेवतो. तिच्यामुळे डेटाबेसचं भाडं जवळजवळ दुप्पट होतं. ऑगस्टमध्ये ती बंद.

पहिला गुरुवार

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुकानात तालीम होते. हैदराबादची प्रत घेऊन एका नव्या यंत्रावर सगळा हिशेब पुन्हा उभा करायचा, आणि तो आदल्या दिवशीच्या हिशेबाशी जुळतो का बघायचं. हा वार काकांनी निवडला. ते आदल्या संध्याकाळी तिन्ही काउंटरची बेरीज स्वतःच्या अक्षरात एका लाल वहीत लिहून ठेवतात, संगणकात नाही.

६ जून २०२४ ला, शाळा उघडायच्या नऊ दिवस आधी, तालीम घ्यायची का नाही यावर वाद झाला. दादा म्हणाले, गर्दीत नको. वहिनी म्हणाल्या, मागच्या वर्षी ३ जूनही गर्दीतच राहून गेला होता. मग घेतली. अडतीस मिनिटांत हिशेब उभा राहिला. वहिनींनी बेरीज वाचली, काकांनी लाल वही उघडली. दोन हजार एकशे चाळीस रुपयांचा फरक.

सगळे गप्प झाले. मी काउंटरवार आकडे काढले. पहिला आणि दुसरा जुळला, फरक तिसऱ्यात होता. तिथे आदल्या दिवशी दुपारी पाऊण तास लाइन गेली होती. त्या वेळेतली बिलं नंतर मुंबईला गेली, एक सोडून. त्या बिलात संचाबाहेरचा एक कंपासपेटीचा नग हाताने टाइप केलेला होता, आणि यादीत नसलेली वस्तू मुंबईचा प्रोग्राम नाकारत होता. बिल काउंटरच्या संगणकात तसंच पडून होतं. आधीच्या महिन्यांत असं किती वेळा झालं असेल ते शोधायला आम्ही लगेच बसलो. तशी आणखी तीन सापडली, एप्रिलमधली. दुपारपर्यंत प्रोग्रामरने दुरुस्ती केली, चारही बिलं वर गेली, आणि काकांनी लाल वहीत त्या बेरजेखाली रेघ मारून वेळ लिहिली: १ वाजून १० मिनिटे.